फ्रेंच साहेब आणि पंचायतीची खुर्ची

बेळगाव आणि आसपासच्या सोसायट्यांत, पतसंस्थांत, पंचायतींत मी जेवढे अध्यक्ष रंगवून दिलेत, ते सगळे एकाच माणसासारखे बसलेत. तो माणूस फ्रेंच आहे, जाऊन दोनशे वर्षं होऊन गेलीत, आणि आमच्या अध्यक्षांपैकी एकालाही त्याचा पत्ता नाही.

मी बेळगावातल्या शहापूरची. घरात माग होते, वडील साड्या विणायचे, आणि त्या खडखडाटात बसून मी कोळशानं भिंतीवर माणसं काढायचे. पुढं रीतसर चित्रकला शिकले, शाळेत ड्रॉइंगची बाई झाले आणि उरल्या वेळात तैलरंगात माणसं रंगवू लागले. मला शिकवणाऱ्या सरांनी एकदा जुन्या पुस्तकातून सुटलेलं एक पान हातात ठेवलं. त्यावर एका फ्रेंच अंमलदाराचं चित्र छापलेलं होतं. तरुण माणूस, साध्या लाकडी खुर्चीत जरा आडवा बसलेला. पायावर पाय, एक हात मांडीवर, त्या हाताचं कोपर बाहेर काढलेलं. कमरेला तीन रंगांचा रेशमी पट्टा, शेजारच्या टेबलावर पिसांची टोपी. अंग एकीकडं आणि नजर थेट आपल्यावर. सर म्हणाले, "माणूस खुर्चीत कसा बसवायचा ते याच्याकडून शीक."

ते पान मी ईझलच्या वर भिंतीला टाचलं. घरात सगळे त्याला फ्रेंच साहेब म्हणू लागले. दसऱ्याला मागाची पूजा झाली की माझ्या ब्रशांना हळदकुंकू लागायचं, आणि आई जाता जाता साहेबाच्या पुढ्यातही एक झेंडूचं फूल ठेवायची. मी हसायचे. ती म्हणायची, "तुझ्या धंद्याचा माणूस हाय न्हवं? मग?"

आणि खरंच, माझा धंदा त्याच्यावरच चालला. कारण आमची माणसं फोटोला बसतात कशी, तर खुर्चीचे दोन्ही हात गच्च आवळून, मागून कुणीतरी खुर्ची ओढणारच आहे अशा बेतानं. ओढणारा असतोही बऱ्याचदा, तो भाग वेगळा. तसं चित्र भिंतीवर बरं दिसत नाही. मग मी चेहरा त्यांचा घ्यायचे आणि बसणं साहेबाचं. धोतर असो, नेहरू शर्ट असो, कोट असो, आत साहेबच. लोक खूश व्हायचे. "बाई, अण्णा कसे रुबाबात बसल्यात बघा!" अण्णा जन्मात तसे बसले नव्हते.

काही वर्षांमागं माझी मुलगी नोकरीसाठी पॅरिसला गेली आणि तिनं मला बोलावून घेतलं. लोखंडी मनोरा वगैरे मी पाहिला, नाही असं नाही. पण माझं सगळं लक्ष साहेबाकडं होतं. तो तिथल्या एका मोठ्या संग्रहालयात आहे हे मुलीनं आधीच शोधून ठेवलं होतं. दालनामागून दालनं ओलांडून आम्ही गेलो, आणि एका दारातून आत वळल्यावर तो समोर आला.

मी जागच्या जागी थांबले. तो जवळजवळ माणसाएवढा होता! मी आयुष्यभर त्याला वहीच्या पानाएवढा पाहिलेला. आणि कोट निळा. आमच्या पानावर तो पिवळट पडून शेवाळी झालेला, त्यामुळं बेळगाव तालुक्यातले माझे निम्मे अध्यक्ष शेवाळी कोटात बसलेत. इथं तो कोट असा गडद निळा की त्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असं वाटावं. पट्ट्याचं रेशीम बघून तर मला वडिलांची आठवण झाली. झालरीचा दोरा न दोरा वेगळा, आणि तरी सगळी झालर एका वजनानं खाली पडलेली. विणकराच्या घरात वाढलेल्या बाईला कापड फसवू शकत नाही. तो पट्टा मी हातात धरून तोलू शकले असते.

त्या काळातल्या चित्रकलेला नवअभिजात म्हणतात, शाळेत मी मुलांना हा शब्द पाठ करायला लावला होता, देवा. त्याचा अर्थ मला तिथं उभं राहून कळला. सगळं फालतू काढून टाकायचं. मागं पडदा नाही, खांब नाही, ढग नाहीत. राखी रंगाची मोकळी भिंत आणि तिच्यापुढं एक माणूस. ब्रशचा फटकारा शोधायला मी नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं, तर तोही कुठं दिसेना. दाढी केलेल्या हनुवटीवरची निळसर सावली दिसत होती, खालच्या ओठावरची ओल दिसत होती, आणि हे सगळं जवसाच्या तेलात कालवलेली माती आहे हे मला, रोज तीच माती कालवणारीला, पटेना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, लोक बघताहेत," मुलगी हळूच म्हणाली.

"बघू देत. मी पण बघायलाच आलेय."

तिनं बाजूची पाटी वाचून सांगितली. हा कुणी सरदार, राजपुत्र नव्हता. तिथल्या लोकांनी राजाला घालवला, नवं सरकार आलं, त्यात हा निवडून आलेला प्रतिनिधी. मग सरकारनं त्याला दूरच्या प्रांतांत कारभार बघायला पाठवलं.

"म्हणजे आपल्या मेंबरासारखा?"

"साधारण," ती हसली.

निघण्याआधी मी शेवटचं म्हणून पुन्हा जवळ गेले आणि मला त्याचा मांडीवरचा हात दिसला. छापील पानावर तो नुसता ठेवलेला वाटायचा. इथं बोटं किंचित आवळलेली होती, नखांच्या कडेला पांढरं झालेलं. म्हणजे हा जन्मजात रुबाबाचा माणूस नव्हताच. खुर्ची त्याला नवी होती. आतून चरकलेला होता आणि तरी ठरवून असा बसला होता. इतकी वर्षं त्याचं बसणं मी लोकांना उसनं देत होते आणि ते काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी खाली मान घालून मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

परत आल्यावर फार दिवस गेले नाहीत, एक गृहस्थ मोटारसायकलवरून दारात आले. बेळगुंदीच्या अंगाला आत एक लहान गाव आहे, तिथल्या पंचायतीचे. त्या गावात एक पद्धत आहे. अध्यक्षाची मुदत संपत आली की त्याचं तैलचित्र करून सभागृहात लावायचं. पहिली काही चित्रं माझ्या सरांनी केलेली, पुढची मी. जिवंत माणसाचं चित्र भिंतीवर लावू नये म्हणतात, त्यावर गावानं तोडगा काढलाय. चित्र लावायचं, हार मात्र घालायचा नाही.

"या टायमाला लेडीज हाय," गृहस्थ म्हणाले. "आमची मंडळी. आरक्षण पडलंतं न्हवं. फोटोवरनं काढा बाई, ती यायला लाजती."

मोबाइलवर त्यांनी फोटो दाखवले. झेंडावंदनाला दोरी यांच्या हातात, बायको मागं. गटारीच्या उद्घाटनाला नारळ यांच्या हातात, बायको मागं, हातात ताट. एका फोटोत तर ती अर्धीच आलेली.

"खुर्चीतला एखादा नाही का?"

"खुर्चीत मीच असतोय की," ते म्हणाले. अगदी सहज, सरळ मनानं. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. गावात सगळे यांना अध्यक्ष म्हणतात आणि तिला वैनी.

मी तापट आहे, सगळं शहापूर सांगेल. "मग तुमचंच काढते."

"न्हाय न्हाय! नाव तिचं हाय, चित्र तिचंच पायजे. भिंतीवर नाव लिवतात खाली."

"मग त्या बसतील समोर. पंचायतीत, त्याच खुर्चीत. मी तिथं येऊन काढीन. फोटोवरून मी काढत नाही." शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. उभा जन्म मी फोटोवरूनच काढत आले होते.

गृहस्थांनी डोकं खाजवलं आणि कबूल झाले. वाईट माणूस नव्हता तो. जाताना दारातली माझी रंगाची जड पेटीही उचलून आत ठेवून गेला.

पंचायतीचं सभागृह लहानसंच. एका भिंतीवर राष्ट्रपुरुष, दुसऱ्या भिंतीवर ओळीनं आमचे अध्यक्ष, सगळे पायावर पाय टाकून. टेबलामागं काळ्या रेक्झिनची उंच पाठीची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. बाई आधीच येऊन बसल्या होत्या, पण बाकावर. पस्तिशीच्या असतील. वडगावच्या मागावरची हिरवी साडी, माझ्या घरातलीच वाटावी अशी. डोक्यावर पदर. मी खुर्चीकडं बोट केलं तशा उठून आल्या आणि अगदी कडेवर टेकल्या, एसटीत तिसऱ्या माणसाला जागा दिल्यावर बसतात तशा.

"नीट बसा की आक्का."

"बसलेय की वो बाई."

बाहेर मोटारसायकल वाजली की त्यांचं अर्धं अंग उठायचं. मी कोळशानं काढत होते आणि पुसत होते. जे उमटत होतं ती खुर्चीत बसलेली बाई नव्हती, दुसऱ्याची खुर्ची राखणारी बाई होती. शेवटी मी कोळसा खाली ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून थांबले. तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"निवडून आलो त्या दिवशी बसलते मी हितं. हार घातला, फटाकं वाजिवलं. एवढ्यात मामंजी आत आलं बघा. सासऱ्यापुढं खुर्चीवर कसं बसायचं? उठले. मोकळी खुर्ची बघून हे टेकले, म्हणाले, बसतो जरा. ती जी उठले ती उठलेच."

"आणि कामं?"

"कागद घरला येत्यात. चुलीम्होरं बसून सह्या करते. वाचल्याबिगर एक सही न्हाय केली हां. कानडी बी वाचते मी, माझं म्हायेर निपाणीकडचं, शाळा कानडीच हुती. सगळं ठावं हाय मला. कुठल्या गल्लीत काय मोडलंय, काय मंजूर झालंय." मग टेबलाच्या काचेकडं बघत म्हणाल्या, "पुढच्या म्हैन्यात मुदत सपती. त्याच्या आत एकदा, एकच डाव, हितं बसून कारभार करावा असं लई वाटतंय. चित्र न्हाय झालं तरी चालंल."

मी पिशवीतून फ्रेंच साहेबाचं पान काढलं. त्या दिवशी ते बरोबर घेतलं होतं, का ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कोण?"

मी सांगितलं. राजा गेला, लोकांनी माणसं निवडली, त्यातला हा एक.

"म्हंजे ह्येला बी आरक्षणातनंच मिळाली म्हणा की खुर्ची."

मी खो खो हसले. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. मग पुन्हा गंभीर झाल्या. "ह्येच्या आधी त्यांच्यातलं कुणी असं बसलंतं?"

"नसावं. मी खरं चित्र जवळून पाहून आलेय आक्का. या पानात दिसत नाही, पण मांडीवरच्या हाताची बोटं आवळलेली आहेत त्याची. घाबरलाय तो."

"आणि तरी बी असा बसला?"

"तरी असा बसला."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं. मागं सरल्या. पाठ खुर्चीला लागली. अंग जरा वळवलं, एक हात मांडीवर, कोपर बाहेर. डोक्यावरचा पदर तसाच होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्या अंगावर काटा आला. मी हे लिहितानाही तो येतोय. पॅरिसमध्ये त्या दारातून आत वळल्यावर जे झालं होतं तेच पुन्हा झालं, आणि इथं तर रंगही नव्हते, फ्रेम नव्हती. पंख्याचा घरघराट होता, भिंतीवर पाल होती, आणि टॉवेल टाकलेल्या रेक्झिनच्या खुर्चीत एक बाई बसली होती जिच्यावरून नजर काढता येत नव्हती. कुणी सांगितलं असतं की आत्ता हिनं हुकूम काढून एखादा प्रांत हलवला, तर मी विश्वास ठेवला असता. मी कोळसा उचलला.

त्यानंतर मी जमेल तशी जात राहिले. सुट्टीच्या दिवशी जायचं असं गृहस्थांनी ठरवून दिलं होतं, म्हणजे कामाला अडचण नको. सभागृहात आम्ही दोघीच असायचो. त्या बसायच्या आणि दर वेळी सुरुवातीला कडेवर टेकून मग मागं सरायच्या, दर वेळी नव्यानं ठरवल्यासारख्या. कॅनव्हासवर चेहरा उमटत गेला, हिरवी साडी उमटत गेली. मी काही उसनं घेतलं नाही. पण रिकाम्या सभागृहात बसणं म्हणजे कारभार नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मुदत जवळ येत चालली. त्या तसं काही बोलत नसत, पण उठताना खुर्चीच्या हातावरून एकदा बोटं फिरवायच्या, ते मी बघत होते.

चित्राच्या शेवटच्या बैठकीला मी मुद्दाम कामाचा दिवस धरला. सुट्टीला मला जमत नाही म्हणून कळवलं. सकाळीच पोचले, ईझल लावला, बाई बसल्या. खरं तर काम संपल्यात जमा होतं. टेबलाची कड आणि खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल, एवढंच उरलेलं.

बाहेर चपला वाजल्या, माणसांचं बोलणं ऐकू आलं, आणि गृहस्थ आत आले. त्यांच्यामागं एक म्हातारी, कळकट पिशवी घेऊन, तोंडानं सुरूच. "अध्यक्ष, आमच्या खालच्या गल्लीला पाणी न्हाय वो. कवाधरनं सांगतोय."

बाईंचं अंग उठायला लागलं. अगदी सवयीनं, गुडघे आधी.

"हलू नका!" मी ओरडले. शाळेतला आवाज होता तो, अजून शिल्लक आहे. "रंग ओला आहे. आत्ता हललात तर सगळं वाया जाईल!"

त्या थबकल्या. गृहस्थही थबकले, दारात एक पाय आत टाकून. त्यांनी खुर्चीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "किती वेळ लागंल बाई?"

"लागेल. तुम्ही तुमचं काम करा की, माझी काही हरकत नाही. फक्त त्यांना उठवू नका." मी टॉवेल रंगवत होते.

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली नाही, काही खूण केली नाही. त्यांनी श्वास घेतला आणि परत मागं सरल्या. पाठ टेकली. हात मांडीवर.

गृहस्थ टेबलाच्या अलीकडं उभे राहिले. उभं राहून काय करायचं हे त्यांना समजेना. म्हातारीला म्हणाले, "बघतो मावशी. पाणी सोडणाऱ्याला सांगतो."

"त्येला सांगून काय उपयोग न्हाय." आवाज खुर्चीतून आला. नजर माझ्यावरच होती, ओठ तेवढे हलत होते. "खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह गंजलाय. नवा बसवायचं मागल्या मीटिंगीत मंजूर झालंय. सामान आणायचं ऱ्हायलंय, ते आज आणायचं." मग नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, तुमी बेळगावला निघालाय न्हवं? येताना घेऊन या."

मी ब्रश कॅनव्हासवर टेकवून नुसती उभी होते. गृहस्थ बायकोकडं बघत राहिले, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यात राग असेल असं मला वाटलं होतं, तो नव्हता. फ्रेंच साहेबापुढं मी ज्या चेहऱ्यानं उभी होते त्याच चेहऱ्यानं तो माणूस उभा होता. रोजची घरातली बाई, आणि ही कोण बसलीय?

"आणतो," ते म्हणाले. मग कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडं बसले.

म्हातारीनं एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि टेबलाच्या मधोमध येऊन उभी राहिली, बाईंच्या समोर. "मग कवा येतंय पाणी, अध्यक्ष?"

"उद्या संध्याकाळच्या आत, मावशी. न्हाय आलं तर हितंच या, मी हाय."

म्हातारी गेली. तिच्यामागून एक शेतकरी आला, रस्त्याचं बोलला. मग घरपट्टीचं कुणीतरी. मी टॉवेलाची तीच घडी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, इतकी की तो टॉवेल आता त्या चित्रात सगळ्यात चांगला उतरलाय. बाईंची बोटं मांडीवर आवळलेली होती. त्या एकेकाला उत्तर देत होत्या, कुणाला उद्या या म्हणत होत्या, एकाला तर चक्क रागावल्या. अंग एकीकडं, तोंड सरळ समोरच्याकडं. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं.

शेवटी टर्पेंटाइनही संपलं. मला लाज वाटायला लागली, बिचाऱ्या किती वेळ एका अंगावर बसल्यात. मी ब्रश पुसले.

"झालं आक्का," मी म्हटलं, "आता उठलात तरी चालेल."

"असू दे बाई," त्या म्हणाल्या, दाराकडं बघत. "भाईर माणसं थांबल्यात अजून."